कृषी विद्यापीठातलं पहिलं वर्ष : मला केनासुद्धा ओळखता येत नव्हता

उदगीरची_लेक

नमस्कार मंडळी. दुसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि माझं बीएस्सी कृषीचं पहिलं वर्ष संपलं. परभणीला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात. आता प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील आणि बऱ्याच घरांत "पोरीला ॲग्रीला टाकावं का" ही चर्चा चालू असेल. गेल्या वर्षी आमच्या घरी हीच चर्चा होती आणि खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून लिहितेय. लांबलंय, पण सवडीनं वाचा.

आमचं उदगीरला कापडाचं छोटं दुकान. नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे सातबारावाल्यांना प्रवेशात मिळतात ते जादा गुणही नव्हते. शेत म्हणजे देवणीकडच्या मामाचं, संक्रांतीच्या आगेमागे हुरडा खायला जायचं ते. नीटला नंबर लागला नाही, खासगी डेंटलची फी झेपणारी नव्हती. सीईटीला पीसीबीमध्ये बरे गुण होते. बाबा म्हणाले, "सरकारी कॉलेज आहे, फी बेताची आहे, जा." मी रडतच गेले. उदगीरहून परळी, गंगाखेड करत गाडी परभणीला जाईपर्यंत आईशी धड बोललेसुद्धा नाही.

पहिला महिना वाईट गेला. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांची. प्रात्यक्षिकाला रानात गेलो की ती मोकळी व्हायची आणि मला कुठे पाय ठेवावा ते कळायचं नाही. कृषिविद्येच्या तासाला तणांची ओळख होती. कपाशीच्या रानात सरांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिलं आणि नाव विचारलं. मी गप्प. मागून माझी रूममेट हळूच म्हणाली, "अगं, केना आहे ना तो. भाजी करतात त्याची."

ही रूममेट जिंतूरकडची. घरी कोरडवाहू शेती, दहावीपर्यंत सुट्टीत खुरपायला जायची. तिने दुसरा केना घेतला, तो खुरप्याने खालून सैल करून मुळासकट अलगद वर काढला. वर निळं, नखाएवढं फूल. आणि खाली मातीत पांढरट दांड्यांना फुगीर बोंडं लागलेली. ती फुलंच असतात, जमिनीखाली फुलून तिथेच बी धरणारी. ती म्हणाली, "म्हणून तर हा संपत नाही. आणि उपटून तिथंच टाकला तर पुन्हा मुळ्या धरतो. माझी आई केना पाटीत भरून बांधाबाहेर नेते." मी ती बोंडं फोडून पाहिली. बारावीत इतकं जीवशास्त्र केलं, पण एखादं झाड असं हातात घेऊन खालपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

त्याच रात्री ती रडत होती. कारण तणाची वही इंग्रजीत लिहायची आणि प्रत्येक तणाचं शास्त्रीय नाव पाठ हवं. केना म्हणजे कमेलिना बेंगालेन्सिस, लव्हाळा म्हणजे सायपरस रोटंडस, कुर्डू म्हणजे सिलोसिया अर्जेन्शिया. तिचं सगळं शिक्षण मराठीत. व्याख्यानातलं निम्मं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते, म्हणाली. मला वाटायचं या वर्गात मीच एकटी मागे आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं. सकाळी ती मला होस्टेल ते वर्ग या वाटेवरचं जे दिसेल ते दाखवणार : आघाडा, घोळ, एकदांडी, तरोटा, माका. संध्याकाळी मी तिला स्पेलिंग आणि व्याख्येचा अर्थ सांगणार. वही लिहायची ती तिची तिने, माझी मी. चार महिन्यांत तिला इंग्रजी प्रश्न समजायला लागले आणि मला चालता चालता बांधावरची तणं नावानिशी दिसायला लागली. पहिल्या वर्षातलं माझं सगळ्यात मोठं शिक्षण कुठलं विचाराल तर हे.

आता मामाची गोष्ट. खतांची गणितं शिकवली तेव्हा मी सोयाबीनचं करून पाहिलं. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. ६० किलो स्फुरदाला लागतं साधारण १३० किलो डीएपी. त्यातूनच साडेतेवीस किलो नत्र येतं, उरलेल्या साडेसहाला १४ किलो युरिया पुरतो. पालाशसाठी ५० किलो एमओपी, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश. एकराचा हिशेब काढला तर डीएपी ५२ किलो, म्हणजे एक बॅग आणि वर दोन किलो. मामा एकरी दोन बॅगा टाकायचा आणि पालाश कधीच नाही.

मे महिन्यात सुट्टीत मामाकडे गेले. आधी घरच्या बियाण्याची उगवण तपासली. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उघडलं तर ७८ दाण्यांना चांगले मोड. सोयाबीनला ७० च्या वर असेल तर चालतं. मामी गोणपाटाजवळ बसून स्वतः मोजत होती, तिने दोनदा मोजलं. त्यानंतर मामा माझा कागद बघायला तयार झाला. यंदा त्याने एका एकरात माझ्या हिशेबाने खत टाकलंय, बाकीच्यात त्याच्या. काय होतं ते रास झाल्यावर कळेल, तेव्हा इथे लिहीन.

अजून एक सांगायचं राहिलं. पशुसंवर्धनाच्या तासाला देवणी गाय आली. तिचे वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडावर काळा रंग. सरांनी विचारलं, देवणीच्या बाजूचं कोण आहे? मी हात वर केला. मामाच्या गोठ्यातली गाय वानेरा आहे, हे मला परभणीत फळ्यावर बघून कळलं. त्या दिवशी मामाला फोन केला तर तो म्हणाला, "आम्ही तर वानेराच म्हणतो तिला, तुला माहीत नव्हतं होय?"

ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारा.

वाफसा

ताई, फार चांगलं लिहिलंस. मी १९८४ ला याच विद्यापीठातून बाहेर पडलो, पुढे सगळी नोकरी कृषी खात्यात. आमच्या वेळी नुसतं 'मराठवाडा कृषी विद्यापीठ' होतं. वसंतराव नाईकांचं नाव २०१३ ला लागलं. मी नांदेडमधल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पहिल्या वर्षी मलाही ज्वारी आणि मक्याची रोपं वेगळी ओळखता येत नव्हती. तेव्हा हे सांगायची हिंमत झाली नाही, आज तुझ्यामुळे लिहितोय.

तुझ्या खताच्या हिशेबात एक भर घालतो. गणित बरोबर आहे, पण ती शिफारस सर्वसाधारण जमिनीची. मामाच्या रानाचं माती परीक्षण करून घे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश पुष्कळदा भरपूर निघतं आणि जस्त कमी. चुनखडी जास्त असली तर लोह असूनही पिकाला मिळत नाही, सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्यावर युरिया टाकतो, पिवळेपणा तसाच राहतो. एकराच्या रानातून नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, व्ही आकाराचा खड्डा, एक वीत खोल. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची घ्यायची नाही.

दुसरं असं की १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, विद्यापीठात रबीचा शेतकरी मेळावा असतो. १८ मे हा स्थापना दिवस (१९७२), त्या दिवशी खरिपाचा. मुलं सुट्टी समजून गावी जातात. जाऊ नकोस. बियाणे विक्रीच्या रांगेशेजारी दिवसभर उभी राहा. पहाटेच गाव सोडून निघालेली माणसं कुठलं वाण मागतात, नाही मिळालं तर काय म्हणतात, ते ऐक.

बोरीचा_शेतकरी

मी जिंतूर तालुक्यातला आहे. माझी लेक पण यंदा कृषीच्या पहिल्या वर्षाला होती, दुसऱ्या कॉलेजात. मी वाचून दाखवलं घरी, तिची आई डोळे पुसत होती. आमची पोरगी फोनवर 'चांगलं चाललंय' एवढंच म्हणते. आता कळायलंय की इंग्रजीचं असंल. दोन विषय राहिलेत तिचे. मी तिला काही बोललो नाही, पण शेजारचे म्हणतात शेतकऱ्याच्या पोरीला शेतीत नापास कसं केलं. ताई, तू सांग, घरून आम्ही काय करावं?

उदगीरची_लेक

काका, तुम्ही तिला बोलला नाहीत हे फार बरं केलंत. विषय राहिलाय तो शेतीचा नाही, इंग्रजीत लिहिण्याचा राहिलाय. माझ्या रूममेटचाही पहिल्या सत्रात एक राहिला होता, जैवरसायनाचा. पुढच्या संधीला सुटला.

तुम्ही एक करा. फोन केलात की "अभ्यास झाला का" विचारू नका, तुमच्या रानातलं विचारा. "तुरीच्या शेंगेत आळी दिसतेय, तिचं तुझ्या पुस्तकात काय नाव?" असं. माझ्या रूममेटचे वडील असं विचारायचे. एकदा त्यांनी विचारलं की तूर एकाएकी वाळतेय, शेजारची झाडं चांगली आहेत. तिने सांगितलं, बुंधा उभा चिरून बघा, आत काळपट रेघ आहे का. त्यांनी चिरला, रेघ निघाली. मर रोग. बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद पडतात, हे तिने त्यांना मराठीत समजावलं आणि त्याच रात्री वहीत इंग्रजीत लिहिलं. मला तिने ते वाचायला दिलं तेव्हा दुरुस्त करण्यासारखं फार काही नव्हतं.

वाफसा सर, मातीचा नमुना दिवाळीला घेते, रान रिकामं झाल्यावर. आणि यंदा मेळाव्याला नक्की थांबते.

दापोली_ते_सोलापूर

धागा वाचून राहवलं नाही. माझं उलटं आहे. मी मंगळवेढ्याचा, मालदांडी ज्वारीच्या पट्ट्यातला. नंबर लागला दापोलीला, बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात. घरी सहा एकर जिरायत, त्यामुळे मी छाती काढून गेलो होतो की मला शेती येते. पहिल्याच आठवड्यात कळलं, मला मंगळवेढ्याची शेती येते.

आमच्याकडे ज्वारी पेरली की दसऱ्यानंतर पावसाची वाटसुद्धा बघत नाहीत, काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक निघतं. दापोलीला जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही, तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सगळा लाल जांभ्याच्या जमिनीतून निघून जातो. माझे कपडे दोन महिने वाळले नाहीत. मृदाशास्त्राच्या तासाला मातीवर आम्लाचे थेंब टाकायचे होते. मी घरून सुट्टीत आणलेली मूठभर काळी माती एका बशीत ठेवली, दुसरीत तिथली लाल. काळीवर थेंब पडताच फसफसून बुडबुडे आले. लालवर काही नाही. एकीत चुना आहे, दुसरीतला पावसाने कधीच धुऊन नेलाय. मॅडमनी त्या दोन बश्या सगळ्या वर्गात फिरवल्या.

कोय कलम तिथेच शिकलो. आंब्याची कोय रुजत घालायची, पंधरा दिवसांचं कोवळं तांबूस रोप झालं की शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. माझी पहिली वीस कलमं होती, जगली चार. शेजारी बसलेला गुहागरचा मुलगा लहानपणापासून बघत आलेला, त्याची सोळा जगली. त्याने माझा हात धरून दाखवलं की काडीला सुरी एकदाच फिरवायची, पुन्हा पुन्हा तासली की पृष्ठभाग सपाट राहत नाही आणि सांधा बसत नाही. नंतर मी त्याला आमच्याकडे हुरड्याला नेलं. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नेमकी कशी असते हे त्याला तोपर्यंत नीट कळलं नव्हतं. आमच्या रानात त्याने मातीचा गोळा दाबून पाहिला, ढेकूळ फुटलं आणि हाताला चिकटलं नाही, तेव्हा कळलं.

रानवाट_२३

सगळ्यांचं वाचून चांगलं वाटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि नवीन मुलांनी तोही वाचावा. माझा नंबर खासगी कॉलेजात लागला. नाव घेत नाही. फी सरकारीच्या कितीतरी पट. कागदावर प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं रान, होतं, प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आम्ही रानात तीनदा गेलो. तणांची वही? वरच्या वर्गाच्या मुलांची जुनी वही घेऊन उतरवली. दाबलेली झाडंसुद्धा विकत मिळायची. मी पण घेतली आणि मला त्यात चांगले गुण मिळाले. आज मला केना ओळखता येईल का, याची खात्री नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय.

म्हणून पर्याय भरताना कॉलेज बघून या. इमारत बघू नका. मागच्या बाजूला जा, विहीर किंवा बोअर चालू आहे का बघा, पिकांचे वाफे आहेत का, त्यावर वाणाच्या पाट्या आहेत का, कुणी मजूर काम करताना दिसतो का. आणि तिथल्या मुलाला एकच विचारा, "शेवटचं कधी रानात गेलास?"

उदगीरची_लेक

रानवाट, हे तू लिहिलंस त्याचे आभार. वही उतरवणं आमच्याकडेही चालतं. मी स्वतः मृदाशास्त्राच्या वहीतली दोन प्रात्यक्षिकं न करता लिहिली आहेत, ताप होता म्हणून, आणि नंतर परत केली नाहीत. तू अजून ओळखायला शिकू शकतेस. सप्टेंबरात कुठल्याही बांधावर जा, निळं नखाएवढं फूल दिसेल, ते झाड मुळासकट काढ.

वाफसा

रानवाट, चांगला सल्ला आहे. त्यात माझ्याकडून भर : ग्रंथालयात कृषी विद्यापीठांची दैनंदिनी आणि शिफारशींची पुस्तकं चालू वर्षाची आहेत का तेही बघा.

बॅंकवाला_कृषीपदवीधर

नोकरीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी कृषी पदवीनंतर आयबीपीएसची, म्हणजे बँकभरतीची, विशेष अधिकारी परीक्षा देऊन कृषी अधिकारी म्हणून बँकेत लागलो. तिसऱ्या प्रयत्नात. माझ्या खोलीतल्या चौघांपैकी एक पदव्युत्तरला राहुरीला गेला, एक बियाणे कंपनीत विक्रीला आहे आणि महिन्यातले वीस दिवस मोटारसायकलवर असतो, एकाने तालुक्याला कृषी सेवा केंद्र टाकलं. कीटकनाशकाच्या परवान्याला ही पदवी चालते, हे पुष्कळांना माहीत नसतं. एमपीएससीच्या कृषी सेवेच्या जागा दरवर्षी निघतीलच असं धरून चालू नका, आमच्यातले काही जण पाच-पाच वर्षं त्यातच अडकले.

पण पहिल्याच वर्षी पुण्यात जाऊन क्लास लावायची घाई करू नका. आज माझ्यासमोर पीककर्जाचा अर्ज येतो तेव्हा मला त्या माणसाच्या रानाचा अंदाज करावा लागतो. ठिबकच्या कर्जाला गेलो की विहिरीत डोकावतो, नळ्यांच्या टोकाचं बूच काढून बघतो गाळ किती साचलाय. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षी रानात शिकलेलंच कामाला येतं. आणि आता सहाव्या अधिष्ठाता समितीचा (कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती) नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आलाय, त्यात एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरची अडचण असेल त्यांनी ही सोय माहीत करून घ्या. अडचण नसेल तर चार वर्षं पूर्ण करा. सातव्या-आठव्या सत्राकडे गावात राहून काम करावं लागतं, खरी गंमत त्यात आहे.

बोरीचा_शेतकरी

काल लेकीला फोन केला. ताईनं सांगितलं तसं विचारलं. सोयाबीनची पानं पिवळी पडलीत, शिरा हिरव्या आहेत, काय असंल? ती म्हणाली, "बाबा, वरची पानं का खालची?" मी म्हणलं वरची. मग पंधरा मिनिटं बोलली. खालची पिवळी पडली असती तर नत्र, वरची पडली तर लोह, असं सांगितलं. फेरस सल्फेट फवारायचं म्हणाली, प्रमाण वहीत बघून सांगते म्हणाली. एवढी ती वर्षभरात बोलली नव्हती. पानं खरंच पिवळी आहेत बरं का, मी उगं विचारलं नव्हतं.

नवीन_प्रवेश

ताई, मी अहमदपूरची. मला यंदा सीईटीला ठीक गुण आहेत, परभणी पहिला पर्याय भरलाय. आमचं पण शेत नाही, वडील एसटीत वाहक आहेत. येताना काय काय आणायचं? आणि मुलींना प्रात्यक्षिकाला रानात काही त्रास होतो का? आई विचारतेय.

उदगीरची_लेक

आईला सांग, रानात सगळा वर्ग बरोबर असतो, सर-मॅडम असतात. त्रास म्हणशील तर ऊन. परभणीच्या मे महिन्यातलं ऊन अहमदपूरपेक्षा वाईट आहे, मोठा सुती रुमाल आण. पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी धरते की प्रत्येक पावलाला किलोभर वजन उचलल्यासारखं वाटतं, म्हणून चप्पल नको, पाण्याने धुता येतील असे बूट आण. एक खुरपं घरूनच आण. दहा पट दाखवणारं छोटं भिंग इथे विद्यापीठाच्या गेटसमोर स्टेशनरीत मिळतं, तिकडून घेऊ नकोस. जुनी वर्तमानपत्रं मात्र गठ्ठाभर आण, तणं दाबायला पुरत नाहीत.

आणि नंबर लागला की इथेच लिही. होस्टेलचा फॉर्म भरायला येशील त्या दिवशी मी आणि माझी रूममेट गेटवर थांबतो. ती म्हणतेय खोली दाखवायच्या आधी तुला वाटेवरचा आघाडा दाखवणार आहे.